कुलपाचे गणित
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

कुलूप ही वस्तू आपण दिवसातून दोन वेळा तरी हाताळतो. पण तिच्याकडे नीट पाहतो ते किल्ली हरवल्यावरच. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात तर या एका वस्तूला तीन नावे आहेत. मराठी घरात ते कुलूप, उर्दू बोलणाऱ्या दुकानदाराकडे ताला आणि तेलुगू शेजाऱ्याकडे ताळम्. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आपल्याकडे आला, वाटेत त्याची अक्षरे मागेपुढे झाली. आणि 'चावी' आपल्याला पोर्तुगीजांनी दिली. तेलुगूत किल्लीला 'ताळम् चेवि' म्हणतात. चेवि म्हणजे कान. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र किल्लीला 'बीगद कै' म्हणतात. कै म्हणजे हात. तेव्हा तेलुगू माणसाच्या दृष्टीने किल्ली हा कुलपाचा कान, तर कन्नड माणसाच्या दृष्टीने कुलपाचा हात! या कानाशिवाय आणि या हाताशिवाय कुलूप उघडते का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न थोडा नेमका करू. साधे, स्वस्त कुलूप उघडता येते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हौशी माणूस किंवा सावध व्यापारी चारचौघांपेक्षा वेगळे कुलूप शोधतो. गोल भोकाचे, अंकांच्या चकत्यांचे, दोन किल्ल्यांचे, हल्ली बोटाच्या ठशाने उघडणारे. दुकानदारही ठामपणे सांगतो, "हे कुणाच्या बापाला उघडणार नाही." गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजून घरी येते आणि त्या रात्री निर्धास्त झोपते. ही निर्धास्त झोप खरी की खोटी? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे; कारण येथे ग्राहक पोलाद विकत घेत नाही, विश्वास विकत घेतो.

शौकीन कोण?

किल्लीशिवाय कुलूप उघडणारे लोक तीन प्रकारचे. पहिला चोर, दुसरा किल्ल्या बनवणारा कारागीर आणि तिसरा शौकीन. चोराला कुलपाशी काही देणेघेणे नसते. त्याला आतला माल हवा असतो. कारागीर पोटासाठी काम करतो. शौकीन मात्र स्वतःच्या पैशाने कुलूप विकत घेतो, टेबलावर ठेवतो आणि शब्दकोडे सोडवावे तसा त्याच्याशी तासन्‌तास झगडत बसतो. कुलूप उघडले की पुन्हा लावतो आणि पुन्हा उघडतो.

हा छंद नवा नाही. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याला कुलुपे घडवण्याचा नाद होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर असलेले तरुण शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन फावल्या वेळात सहकाऱ्यांची कपाटे उघडून दाखवत. त्यांनाच पुढे १९६५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत १९९७ साली हॅम्बुर्ग येथे अशा शौकिनांची रीतसर संघटना स्थापन झाली आणि आता अनेक देशांत त्यांच्या स्पर्धा भरतात. या मंडळींचे दोन नियम सर्वत्र पाळले जातात: जे कुलूप आपले नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर प्रयोग करायचा नाही.

कायद्याची रेषाही येथेच आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये गृहभेदनाची व्याख्या आहे. गृह-अतिक्रमण करण्यासाठी कोणतेही कुलूप उघडणे हेही त्या व्याख्येत बसते. भिंत फोडलीच पाहिजे असे नाही. हात तोच, युक्ती तीच. पण कुलूप कोणाचे आणि हेतू कोणता, यावर छंद आणि गुन्हा यांतील अंतर ठरते.

गुणाकार आणि बेरीज

कुलूप उघडण्याच्या कलेमागे एक साधे अंकगणित आहे. ते समजले की पुढचे सारे सोपे होते.

प्रवासी बॅगेला लावतात ते तीन चकत्यांचे कुलूप घ्या. प्रत्येक चकतीवर ० ते ९ असे दहा अंक. एकूण जुळण्या किती? १० × १० × १० = १,०००. प्रत्येक जुळणी पाहायला दोन सेकंद धरले तर २,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. कसलेही कौशल्य नसलेला माणूस केवळ चिकाटीवर अर्ध्या तासात हे कुलूप उघडू शकतो.

पण शौकीन इतकाही वेळ घेत नाही. कारखान्यात तयार झालेली कोणतीही वस्तू शंभर टक्के नेमकी नसते. कुलपाची कडी हलकेच ओढून धरली, की तीन चकत्यांपैकी एक जरा जास्त घट्ट होते, कारण तिचा खाचा बाकीच्यांपेक्षा केसभर पुढेमागे कापला गेलेला असतो. ती चकती फिरवताना योग्य अंकावर ती किंचित सैल पडते. मग दुसरी, मग तिसरी. आता हिशेब काय झाला? १० + १० + १० = ३०. कुलूप बनवणाऱ्याने गुणाकार विकला होता; उघडणाऱ्याने त्याची बेरीज करून टाकली.

नेहमीच्या चपट्या, दातेरी किल्लीच्या कुलपातही हेच घडते. त्याच्या आत एक गोल गाभा असतो आणि त्याला पाच-सहा छोट्या पिना अडवून धरतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते आणि वरून तिला बारीक स्प्रिंग दाबून ठेवते. योग्य किल्ली आत गेली की तिचे दाते सर्व पिनांचे सांधे एका रेषेत आणतात आणि गाभा फिरतो. हे कुलूप अमेरिकेच्या धाकट्या लायनस येल यांनी १८६१ व १८६५ च्या पेटंटांनी आजच्या रूपाला आणले. पाच पिना आणि प्रत्येकीची सहा संभाव्य मापे धरली, तर ६ चा पाचवा घात, म्हणजे ७,७७६ किल्ल्या संभवतात. परंतु पिनांची भोके तंतोतंत एका रेषेत नसल्यामुळे गाभ्यावर हलका ताण दिला की सर्व पिना एकदम अडत नाहीत. त्या एकेक करून अडतात. अडलेली पिन योग्य उंचीवर येताच बोटाला कळते. म्हणजे पुन्हा गुणाकाराची बेरीज: ७,७७६ ऐवजी ६ × ५ = ३०.

फाइनमन यांनी हीच गोष्ट सरकारी तिजोऱ्यांवर केली. त्या तिजोऱ्यांना १०० खुणांची तबकडी होती आणि तीन आकडे जुळवावे लागत. म्हणजे कागदावर १० लाख जुळण्या. पण त्यांनी पाहिले की आकडा दोन घरे इकडे-तिकडे झाला तरी चालतो. तेव्हा १०० ऐवजी २० च आकडे तपासणे पुरे; २० × २० × २० = ८,०००. पुढे त्यांना असेही आढळले, की कपाट उघडे असताना शेवटचे दोन आकडे बाहेरूनच काढता येतात. मग उरला एक आकडा, म्हणजे फार तर २० प्रयत्न. दहा लाखांवरून वीस! पोलाद जसेच्या तसे राहिले, फक्त आकडेमोड बदलली.

यावरून कुलूप तपासण्याचा एक निकष मिळतो. कुलूप दिसायला वेगळे आहे का, हे विचारण्याऐवजी ते आपला गुणाकार शेवटपर्यंत टिकवते का, हे विचारावे. या निकषावर आता काही विचित्र कुलुपे घासून पाहू.

जुनी युक्तीची कुलुपे

आपल्या देशात विचित्र कुलपांची परंपरा मोठी आहे. जुन्या कारागिरांनी विंचू, मासा, घोडा अशा आकारांची लोखंडी व पितळी कुलुपे घडवली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वाद्ये यांसारख्या घरगुती वस्तूंबरोबर अशी जुनी कुलुपेही जपली आहेत. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. अकाली गेलेला मुलगा राजा याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभे केले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल असे दुसरे नाव म्हणजे व्ही. रघुनाथन. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे वित्त हा विषय शिकवला आणि छंद म्हणून जुन्या कुलपांचा मोठा संग्रह केला. कुलुपे, महाभारत आणि गणित यांची सांगड घालणारे त्यांचे इंग्रजी पुस्तकही आहे.

ही कुलुपे चालतात कशी? सर्वांत जुन्या प्रकारात आत काटेरी पट्ट्या असतात. कडी आत ढकलली की पट्ट्या फाकतात आणि अडकतात. किल्ली दुसऱ्या बाजूने सरकवली की त्या दबतात आणि कडी बाहेर येते. रोमन लोकांकडे, चिनी लोकांकडे आणि आपल्याकडेही हा प्रकार होता. दुसऱ्या प्रकारात किल्लीला मळसूत्राचे आटे असतात आणि ती स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागते. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने युक्तीचा: किल्लीचे भोकच दिसत नाही. एखादी फुली किंवा खिळ्याचे डोके दाबावे, मग एक पट्टी सरकते, मग भोक दिसते. कधी दोन किल्ल्या ठरावीक क्रमाने लावाव्या लागतात; कधी समोर दिसणारे भोक निव्वळ फसवे असते.

अशा कुलपासमोर आजचा शौकीन प्रथम चक्क हरतो. त्याची हत्यारे आधुनिक भोकांसाठी बनवलेली असतात. ती या रुंद, खोल पोकळीत बसतच नाहीत. शिवाय प्रत्येक कुलूप हाताने घडवलेले, त्याच्यासारखे दुसरे मिळत नाही. तेव्हा आत काय आहे याचा अंदाज बांधण्यातच तास जातात. येथे विचित्रपणाचा फायदा खरा आहे, तो नाकारता येणार नाही.

पण हा फायदा एकदाच मिळतो. फुली कोणती दाबायची हे कळले, की तीच गोष्ट दुसऱ्या वेळी मिनिटाचे काम. आमच्या आजीच्या ट्रंकेला एक पितळी कुलूप होते. किल्ली दोनदा फिरवून मग आत दाबावी लागे. पाहुण्यांना ते कधीच उघडले नाही, आणि घरातल्या सहाही नातवंडांना ते डोळे मिटून उघडता येत असे. लाडू कमी होत ते घरच्यांमुळेच! युक्तीचे कुलूप परक्याला रोखते. ज्याने एकदा पाहिले त्याला ते रोखत नाही. चोऱ्यांमध्ये माहितगाराचा हात किती वेळा निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मर्यादेचे महत्त्व कळेल.

नवी विचित्र कुलुपे

नव्या कुलपांची कहाणी याहून वेगळी नाही. अमेरिकेत सायकलींसाठी क्रिप्टोनाइट नावाची दणकट कुलुपे प्रसिद्ध होती. त्यांच्यातील काहींना नळीसारखी गोल किल्ली लागे. गोल भोक पाहून सामान्य माणसाला वाटे, हे काही साधेसुधे नाही. २००४ साली असे उघडकीस आले, की साध्या प्लॅस्टिकच्या बॉलपेनची नळी त्या भोकात दाबून फिरवली तर कुलूप उघडते. मऊ प्लॅस्टिकवर पिना स्वतःच आपला ठसा उमटवत होत्या. कंपनीला ग्राहकांची कुलुपे मोफत बदलून द्यावी लागली.

बोटाच्या ठशाने आणि मोबाइलवरून उघडणारे टॅपलॉक हे दुसरे उदाहरण. २०१८ साली ब्रिटनमधील सुरक्षातज्ज्ञांनी दाखवले, की हे कुलूप आपला जो पत्ता मोबाइलसाठी हवेतून सतत जाहीर करीत असते, त्याच पत्त्यावरून त्याची गुप्त किल्ली काढता येते. आणि कुलूप दोन सेकंदांच्या आत उघडते. दारावर पाटी लावावी आणि त्या पाटीमागेच किल्ली टांगावी, असा हा प्रकार. २०२० साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या कंपनीवर ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला.

याच्या उलट उदाहरण फिनलंडचे. हेलसिंकीचे एमिल हेनरिक्सन हे यंत्रकारागीर. दुकानातील गल्ल्याच्या यंत्रात फिरणाऱ्या चकत्या पाहून १९०७ साली त्यांना एक कुलूप सुचले. पुढे ते 'अ‍ॅब्लॉय' नावाने जगभर गेले. त्यात पिना नाहीत, स्प्रिंगही नाही. किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरते आणि सर्व खाचे एका ओळीत आले की कुलूप सुटते. शौकिनांनी यासाठी खास हत्यारे बनवली आणि जुन्या नमुन्यांची कुलुपे उघडलीही. पण सुधारित नमुन्यांनी भल्याभल्यांना दमवले. गंमत अशी, की या कुलपाची रचना कोणापासून लपलेली नाही. चित्रांसह ती सर्वत्र उपलब्ध आहे. रचना माहीत असूनही ते अडते, कारण त्याचे भाग इतके नेमके कापलेले असतात की गुणाकाराची बेरीज सहजासहजी होत नाही.

झाकली मूठ

मराठीत आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. विचित्र कुलूप ही झाकली मूठ होय. ती उघडेपर्यंत तिची किंमत सव्वा लाख. कुलपांच्या इतिहासात ही मूठ एकदा अत्यंत जाहीरपणे उघडली गेली आणि त्यानंतर या धंद्याचा विचारच बदलला.

इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. १७९० पासून त्यांच्या लंडनच्या दुकानात एक कडीचे कुलूप मांडलेले होते. जो कोणी हत्यार करून हे उघडील त्याला २०० गिनी बक्षीस, अशी त्यावर पाटी. दुसरे नाव जेरेमाया चब यांचे. त्यांच्या १८१८ च्या कुलपात आत एकावर एक बसवलेल्या लिव्हरच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली जावी लागे. एखादी थोडी जास्त उचलली गेली की कुलूप अडकून बसे आणि मालकाला कळे की कोणी तरी हात लावला होता. कैदेत असलेल्या एका कुलूप-कारागिराला हे कुलूप उघडल्यास माफी व १०० पौंड देऊ केले होते. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

१८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. साक्षीदारांसमोर त्याने चब यांचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. जी कळ आगंतुकाचा हात ओळखण्यासाठी बसवली होती, तिनेच कोणती पट्टी जास्त उचलली गेली हे हॉब्जला सांगितले! मग त्याने ब्रामा यांच्या दुकानातील कुलूप हाती घेतले. त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. पण ६१ वर्षे न उघडलेले ते कुलूप उघडले आणि बक्षीस त्याने नेले.

लंडनमध्ये मोठी खळबळ उडाली. अनेकांनी विचारले, की असे उद्योग जाहीरपणे करून चोरांना शहाणे का करता? त्याला तेव्हाच उत्तर दिले गेले, की चोरांना या गोष्टी आधीपासून माहीत असतात. अंधारात राहतो तो फक्त कुलूप विकत घेणारा प्रामाणिक माणूस. पुढे १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी सैन्याच्या सांकेतिक लिपीसंबंधी हाच नियम मांडला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज आपण मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करतो, तेव्हा त्यांची सांकेतिक लिपी याच तत्त्वावर चालते.

ब्रामा यांच्याविषयी एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. ५१ तास ही ब्रामा यांची हार म्हणायची की जीत? परक्याच्या दारात सोळा दिवस खुर्ची टाकून बसणारा चोर कोणी पाहिला आहे? कुलूप विकत घेणारा पोलाद घेतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो वेळ विकत घेतो. २५ मिनिटे आणि ५१ तास यांतला फरक हीच खरी किंमत.

आपली भारतीय कुलुपे

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली लालबागला कुलुपांचा कारखाना काढला. उत्तरेत अलीगढ आणि दक्षिणेत दिंडिगल ही कुलपांची गावे. दिंडिगलच्या कुलपाला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्या बाजारातील मजबूत कुलुपे बहुतेक लिव्हरची असतात. कुलपावर किंवा वेष्टनावर '६ लिव्हर', '७ लिव्हर', '८ लिव्हर' असे छापलेले आपण पाहतो. गोदरेजच्या 'नवताल' मालिकेत हे तिन्ही प्रकार आहेत. हे आकडे केवळ शोभेचे नाहीत. प्रत्येक लिव्हर म्हणजे गुणाकारातील आणखी एक संख्या. मात्र भाग ओबडधोबड कापलेले असतील, तर आठ लिव्हरचीही बेरीजच होते. म्हणून लिव्हरच्या संख्येइतकेच कारागिरीला महत्त्व आहे, आणि ती वेष्टनावर छापता येत नाही.

व्यापाऱ्याचा प्रश्न

येथवर गोष्ट कुतूहलाची होती. आता व्यवहाराची पाहू. आमच्या जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस. हंगामात लहानमोठ्या व्यापाऱ्यांची सारी पुंजी गोदामात आणि गल्ल्यात असते. समजा, एखाद्याच्या गोदामाचे कुलूप कोणी न मोडता, हत्याराने अलगद उघडले, माल नेला आणि कुलूप पुन्हा लावून ठेवले. सकाळी दार जसेच्या तसे. व्यापाऱ्याने घरफोडीचा विमा उतरवला आहे. पैसे मिळतील का?

या विम्याच्या पॉलिसीत सामान्यतः एक अट असते: आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वा हिंसेचा वापर झालेला असला पाहिजे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ही अट शब्दशः लागू केली. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळ व हिंसा यांच्याशी जोडलेली असेल, तर बळाचा वापर न होता झालेली नुसती चोरी त्या विम्यात येत नाही, असा निर्णय झाला. मग हळुवारपणे उघडलेल्या कुलपाचे काय? बळ वापरले गेले हे कशावरून दाखवायचे? कुलूप तुटले असते तर पुरावा तरी राहिला असता! मुकाट्याने उघडणारे कुलूप मालकाला दोनदा फसवते: एकदा चोरापुढे, एकदा विमा कंपनीपुढे. म्हणून पॉलिसी घेतानाच ही अट वाचावी, आणि चोरीचाही अंतर्भाव करून मिळतो का, हे एजंटाला विचारून लेखी घ्यावे.

बँकेच्या लॉकरचेही असेच. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. हा जुन्या दोन-किल्ल्यांच्या कुलपाचाच अवतार. पण येथे युक्ती यंत्रात नाही, माणसांत आहे. दोघे हजर नसतील तर लॉकर उघडत नाही. हिशेबशास्त्रात आपण ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतो ते हेच. तरीही लॉकर फुटला तर? रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. भाडे २,००० रुपये असेल तर २ लाख. आत सोने दहा लाखांचे असले तरी हिशेब भाड्यावरच होतो. आपल्या आईवडिलांना हे माहीत आहे का, हे प्रत्येकाने घरी विचारून पाहावे.

मग कुलूप कोणते घ्यावे?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. विचित्र कुलूप शौकिनाला उघडता येते का? बहुतेक येते. ज्याचे बळ केवळ अनोळखीपणात आहे, ते पहिल्यांदा वेळ घेते आणि मग कायमचे उघडते. ज्याचे बळ नेमक्या घडणीत आहे, ते रचना जगजाहीर असूनही तासन्‌तास अडवते. काही तर अजून फार थोड्यांनाच उघडली आहेत.

सामान्य कुटुंबाने यातून घ्यायचे ते इतकेच. भोकाचा आकार पाहून भुलू नये. लिव्हर किंवा पिना किती आणि काम किती सफाईचे, हे पाहावे. किल्ली सैल, खुळखुळणारी असेल तर ते कुलूप ठेवून द्यावे. नोकर बदलला, भाडेकरू गेला, की कुलूपही बदलावे. युक्ती जाणणारा माणूस किल्लीइतकाच महत्त्वाचा. आणि कुलपाबरोबर कडी-कोयंडाही पाहावा. हजार रुपयांचे कुलूप आणि दोन खिळ्यांवर लटकणारा कोयंडा अशी जोडी आपल्याकडे घरोघर दिसते. चोर शौकीन नसतो. तो ५१ तास बसत नाही, पहारीने कोयंडा उपटतो आणि जातो.

कुलूप हे सज्जनासाठी असते, असे जुने लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्या सज्जनाला आपले कुलूप काय करू शकते आणि काय नाही, हे माहीत असण्याचा हक्क आहे. हॉब्जने पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनला जे जाहीरपणे केले, ते आजचे शौकीन आपापल्या टेबलावर करीत आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती त्यांच्या बाबतीत तरी पाळू नये. त्यांनी उघडलेल्या प्रत्येक कुलपामागे कोणी तरी एक कारखानदार आपले पुढचे कुलूप अधिक चांगले बनवतो, आणि त्याचा लाभ शेवटी ज्याच्या दारावर ते लागते त्यालाच होतो.